टेट्रिस ‘संपवणारा’ तेरा वर्षांचा मुलगा: पराक्रम की रिकामटेकडेपणा?

ठोकळेबाज (धागाकर्ता)

निवडणुका आणि क्रिकेट सोडून जरा वेगळ्या बातमीवर बोलू. बातमी जुनी आहे, पण तिच्यावरचं भांडण अजून शिळं झालेलं नाही.

२१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका १३ वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोच्या जुन्या मशीनवरचा टेट्रिस (वरून पडणारे ठोकळे रचून आडव्या ओळी भरायच्या, भरलेली ओळ उडते, असा व्हिडिओ गेम) इतका पुढे नेला, की लेव्हल १५७ ला गेमच गोठला. १९८९ साली आलेल्या या गेमची बोलती त्याआधी कुठल्याही माणसाने बंद केली नव्हती. जानेवारीत बातमी जगभर पसरली, तेव्हा ब्रिटनच्या स्काय न्यूजवरच्या निवेदिकेने हसत हसत सुनावलं: एक आई म्हणून सांगते, स्क्रीनसमोरून ऊठ, बाहेर जा, मोकळी हवा खा, टेट्रिस जिंकणं हे काही आयुष्याचं ध्येय नव्हे. लोक तिच्यावर तुटून पडले.

माझ्या मते बाईंचं चुकलंच. हाच मुलगा बुद्धिबळात किंवा व्हायोलिनवर एवढा पुढे गेला असता, तर ‘जरा हवा खा’ म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

थोडी पार्श्वभूमी. टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी तयार केला. आपल्याकडे नव्वदीत जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात ‘ब्रिक गेम’ नावाचं जे डबडं मिळायचं, त्यातले वरून पडणारे ठोकळे ते हेच. निन्टेन्डोच्या आवृत्तीत लेव्हल २९ पासून ठोकळे इतक्या वेगाने पडतात, की नुसतं बटण दाबून धरलं तर कडेला पोचायच्या आतच ठोकळा खाली टेकतो. म्हणून कैक वर्षं २९ हाच शेवट मानला जायचा. मग काही जणांनी अंगठा थरथरवत बटण भराभर दाबायला सुरुवात केली आणि ती भिंत पडली. त्यानंतर आलं ‘रोलिंग’. यूट्यूबवर त्या खेळाडूंचे हात एकदा बघाच. डावा अंगठा बटणावर नुसता टेकवलेला असतो, हलतसुद्धा नाही. उजव्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक टकटकत जातात, आणि दर टकटकीला बटणच वर येऊन अंगठ्यावर आपटतं. तबला शिकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण बाकीच्यांनी प्रयत्न करून बघावा.

अनघा_ठाणे

असहमत. बाईंचा टोन चुकला, मुद्दा नाही.

हा मुलगा आठवड्याला वीसेक तास खेळत होता असं बातम्यांत आलं होतं. वय वर्षं १३. आणि कृपा करून बुद्धिबळाचं उदाहरण देऊ नका. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, त्यासोबत ग्रँडमास्टर झाली. त्यामागे संघटना आहे, रेटिंग आहे, प्रशिक्षक आहेत, पुढची वाट आहे. टेट्रिसवाल्याच्या पुढे काय आहे? एकाचं नाव पेपरात येतं आणि त्याच्याकडे बोट दाखवून घरोघरची कार्टी ‘बघ आई, तो पण खेळतो’ म्हणत रात्री दोनपर्यंत जागतात. निस्तरावं आम्हाला लागतं.

शेंडेफळ

काकू, रात्री दोनपर्यंत जागणारी कार्टी टेट्रिस खेळत नाहीत हो. तेवढा संयम असता तर काय हवं होतं!

बंड्या_डेट्रॉईट

मी तिसरीच काडी टाकतो. तो जिंकला हेच मला मान्य नाही.

या गेमला शेवटच नाही. जे झालं तो बिघाड आहे. ओळ उडाली की हा गेम गुणांचा सरळ गुणाकार करत नाही, लेव्हलच्या आकड्याच्या हिशेबाने तेच गुण पुन्हा पुन्हा मिळवत बसतो. लेव्हल वाढत गेली की बेरीज लांबते. स्क्रीन सेकंदाला साधारण साठ वेळा नव्याने रंगते, आणि बेरीज तेवढ्या फटीत उरकली नाही तर प्रोग्रामचा पाय घसरतो. शिवाय हे आधी कॉम्प्युटरनेच खेळून दाखवलं होतं. कुठल्या लेव्हलला काय केलं की गेम कोसळेल, याचे तक्तेसुद्धा हौशी मंडळींनी बनवून ठेवले होते. १५५ ला या मुलाची एक संधी हुकली, म्हणून गाडी १५७ पर्यंत गेली. खेळाडू भारी आहे, वादच नाही. पण एसटी बंद पडली म्हणून ‘मुक्कामाला पोचलो’ कसं म्हणायचं?

नाना नाशिककर

अनघाताई, ‘पुढे काय’ हा प्रश्न आमच्या देवळालीत एका मास्तरांनाही विचारला जायचा. द. रा. कापरेकर. शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि हेच करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतंच, आणि तिथून हलत नाही. इथल्या मोठ्या गणितज्ञांनी याला पोरखेळ म्हणून बाजूला सारलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं, तेव्हा कुठे कापरेकर जगाला कळले. उपयोग विचाराल तर आजही कुणाला धड सांगता येणार नाही.

अनघा_ठाणे

नाना, कापरेकर मास्तर नोकरी सांभाळून, पगार घरी आणून आकड्यांशी खेळत होते! आधी दहावी होऊ दे, मग खुशाल ठोकळे रचा. आणि कापरेकरांनी सापडवलेलं गणित उरलं. गेम गोठला, पुढे काय उरलं?

ठोकळेबाज

दहावीचं मान्य. पण मग बाईंनी तसं बोलायचं होतं, ‘अभ्यास कर’ म्हणायचं होतं. त्या हवा खायला सांगत होत्या, आणि ते टीव्हीच्या स्टुडिओत बसून.

बंड्या, तक्ता हातात असणं वेगळं आणि तिथवर जाणं वेगळं. १३८ च्या पुढे गेम रंगांसाठी मेमरीतला भलताच कचरा वाचायला लागतो. १४८ ला ठोकळे जवळपास काळे होतात, काळ्या पार्श्वभूमीवर. हे त्या वेगात खेळायचं. कॉम्प्युटरला रंग दिसण्याची गरज नसते आणि त्याची बोटं बधिर होत नाहीत. गेम गोठल्यावर तो मुलगा हेच म्हणत होता, की बोटं जाणवत नाहीयेत.

काय उरलं म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसऱ्या एका १६ वर्षांच्या मुलाने लेव्हल २५५ ओलांडली. त्यापुढे आकडाच मावत नाही, म्हणून गेम पुन्हा शून्यावर येतो. वाटेत २३५ वी लेव्हल अशी बिघडलेली आहे की एरवीच्या १० ओळींऐवजी ८१० ओळी उडवाव्या लागतात.

अनघा_ठाणे

म्हणजे ८१० ओळी घासायच्या आणि परत शून्यावर यायचं. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

शेंडेफळ

काकूंना या एका वाक्यासाठी +१. बाकी मी ठोकळेबाजांच्या पार्टीत.

बंड्या_डेट्रॉईट

एक मिनिट. तो शून्यावाला विक्रम मूळ गेमवरचा नाही. गेम गोठू नये म्हणून कोड दुरुस्त केलेली आवृत्ती वापरली होती, हे धागाकर्त्यांनी सोयीस्करपणे गाळलं. मूळ मशीनवर, त्या सगळ्या गोठायच्या जागा चुकवत कुणी २५५ पार करून दाखवावं. तेव्हा मी ‘जिंकला’ म्हणेन, आणि काकूंना समजवायलाही येईन.