स्ट्रीक कॅमेरा: सिम्युलेशनमध्ये स्पेस चार्ज दिसतच नाही

कॅथोड_१५केव्ही
स्ट्रीक कॅमेरा म्हणजे प्रकाशाच्या पल्सचे इलेक्ट्रॉन करून ते पडद्यावर वेळेनुसार पसरवणारा कॅमेरा; स्पेस चार्ज म्हणजे त्या इलेक्ट्रॉनांचं आपसांतलं प्रतिकर्षण. माझी ट्यूब १५ केव्हीची (किलोव्होल्ट), फोटोकॅथोड (प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा थर) ते वेग देणारी जाळी अंतर १.५ मिमी, पुढे १० सेंमी ड्रिफ्ट (मोकळा प्रवास). कॅथोडवर स्लिटची प्रतिमा ५० मायक्रॉन × ५ मिमी, लेझर पल्स २०० फेमटोसेकंद. पीआयसीमध्ये (कप्प्यांवर फील्ड काढून कण हलवणारं सिम्युलेशन) हजार इलेक्ट्रॉन सोडा की दहा हजार, इलेक्ट्रॉनांच्या पल्सची रुंदी तेवढीच. टेबलावर मात्र प्रकाश वाढवला की पडद्यावरची रेघ जाड होते. सिम्युलेशनची मेश (हिशेबासाठी पाडलेले कप्पे) ५० मायक्रॉन आहे. गडबड कुठे असेल?

ड्रिफ्टस्पेस
मेशमध्येच. २०० फेमटोसेकंदांत पहिला इलेक्ट्रॉन कॅथोडपासून जेमतेम ३५ नॅनोमीटर सरकतो, आणि जाळीपलीकडेही पल्सची लांबी २० मायक्रॉनच्या आसपासच असते. अख्खी पल्स एका कप्प्यात मावली की आतलं प्रतिकर्षण पुसलं जातं.

आधी हातानं हिशेब करा. क्षेत्रफळ पाव चौरस मिमी; दहा हजार इलेक्ट्रॉनांची सपाट चादर धरली तर दोन टोकांतला फील्डचा फरक सुमारे ७२० व्होल्ट प्रति मीटर. ड्रिफ्टला लागतात १.४ नॅनोसेकंद. तेवढ्यात टोकं १२५ मायक्रॉननं दुरावतात, म्हणजे सुमारे १.८ पिकोसेकंद! ही वरची मर्यादा समजा, कारण पल्स स्लिटच्या रुंदीपेक्षा लांब झाली की चादरीचं गृहीतक कोसळतं. गोल बीमसाठी ही घट धरणारं सूत्र सिविक, ड्वायर, जॉर्डन आणि मिलर यांनी २००२ मध्ये दिलं. हजार इलेक्ट्रॉनांना हाच आकडा ०.१८ येतो, जो अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जाफरकानं होणाऱ्या ०.२४ पिकोसेकंदांच्याही खाली आहे.

जोडीबल
दहा हजारांसाठी मेश हवीच कशाला? पाच कोटी जोड्या जीपीयूला जड नाहीत. एक कण म्हणजे एकच इलेक्ट्रॉन ठेवा. शंभर इलेक्ट्रॉनांचा मिळून एक मॅक्रोकण केलात तर टकरी खोट्या तीव्र होतात आणि ऊर्जाफरक उगाच फुगतो. कॅथोडमागे उलट्या चिन्हाचे प्रतिमा-प्रभार (धातूच्या पृष्ठभागाचा परिणाम दाखवणारे काल्पनिक प्रभार) स्वतः घालावे लागतील. पहिले ७-८ पिकोसेकंद, म्हणजे पल्स कॅथोडपासून स्लिटच्या रुंदीइतकी दूर जाईपर्यंत, त्यांचा प्रभाव मोठा असतो. टाइमस्टेप तिथे १० फेमटोसेकंदांखाली, नंतर वाढवत न्या. फोकस लेन्सचा क्रॉसओव्हर (बीम सर्वांत अरुंद होते ती जागा) मात्र वगळू नका, बीम तिथे पुन्हा दाटते.

फॉस्फर_पडदा
टेबलावरची जाडी ट्यूबमधलीच आहे, हे आधी पक्कं करा. प्रकाश तोच ठेवून एमसीपीचा (पडद्याआधी इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवणारी प्लेट) गेन उतरवा. रेघ बारीक झाली तर दोष एमसीपीच्या सॅच्युरेशनचा. तशीच जाड राहिली, तर स्वीप (इलेक्ट्रॉनांना वेळेनुसार बाजूला वळवणारं फील्ड) बंद करून स्लिटची स्थिर प्रतिमा घ्या: तीही प्रकाशाबरोबर रुंदावत असेल, तर आडवं प्रतिकर्षणही मॉडेलमध्ये धरा. मोजमाप सिंगल शॉटमध्येच करा, अ‍ॅक्युम्युलेशनमध्ये (अनेक शॉटची बेरीज) ट्रिगरचा जिटर, म्हणजे वेळेतली चलबिचल, मिसळतो.