बडोदे: जुन्या घराला लोणा, सिमेंटचा गिलावा ठेवावा की काढावा?

दांडियाबाजारकर: नमस्कार. लक्ष्मी विलास पॅलेस पुरा झाला (1890) त्याच दशकातलं दुमजली घर आहे. पुढे टोकदार कमानींच्या खिडक्या, बिडाचे पोकळ खांब, छताला गर्डर आणि मध्ये विटांच्या कमानी. भिंती चुन्यातल्या, दोन फूट जाड. खालच्या चार फुटांना नंतर कधीतरी सिमेंट लावलंय. ते फुगतं आणि लोणा (ओलीने भिंतीवर फुटणारे क्षार) आता त्याच्याही वर दिसतो. ठेकेदार म्हणतो, केमिकल घालून पुन्हा सिमेंट करू. छतात गर्डरच्या रेषेत तडे आहेत ते वेगळेच.

चुना-सुरखी: सिमेंट अजिबात नको, लोणा वर चढलाय तो त्यामुळेच. जमिनीतली ओल पूर्वी चुन्यातून बाहेर उडून जायची. सिमेंटने ती वाट अडली, म्हणून पाणी भिंतीतून वर सरकतं आणि त्यातले क्षार गिलाव्यामागे साठून त्याला ढकलतात.

आधी बाहेरची जमीन पाहा. रस्ता किंवा फरशी वाढत जाऊन जोत्याला लागली असेल तर ती खाली घ्या, पन्हळीचं पाणी भिंतीपासून दूर न्या. हे राहिलं तर पुढचं सगळं वाया.

मग ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट हातोडी-टाकीने काढा. ब्रेकर नको, जुन्या विटांचे कोपरे उडतात. दरजा (विटांमधले सांधे) पाऊण-एक इंच खोल खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, विरघळून पुन्हा आत जातात. एक उन्हाळाभर भिंत उघडी राहू द्या.

गिलाव्याला भिजवून किमान तीन आठवडे मुरवलेला चुना 1, सुरखी (विटांची भुकटी) 1, चाळलेली वाळू 2. पहिला थर 10-12 मिमी, दुसरा 8, वर 2-3 मिमी घोटाई. प्रत्येक थराआधी भिंत शिंपून घ्या आणि थरांमध्ये किमान आठवडा जाऊ द्या. शेवटी चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक इमल्शन लावलंत तर ओल परत कोंडेल.

गर्डर-कमान: छताचे तडे जास्त गंभीर आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि गर्डरच्या खालच्या पाकळीवरचा (आडव्या पट्टीवरचा) गिलावा फोडतो. मधला एकच गाळा (दोन गर्डरमधली कमान) तोडू देऊ नका! शेजारच्या कमानी एकमेकींच्या रेट्यावर उभ्या असतात; एक गेली की बाजूचा गर्डर आडवा सरकतो. शेवटच्या गाळ्यात भिंतीपर्यंत गेलेल्या लोखंडी सळया दिसतील, त्या हा रेटा धरतात. पंख्याला आड येतात म्हणून कोणी कापल्या नाहीत ना, ते बघा.

गाळ्यांना टेकू देऊन गंज तारेच्या ब्रशने साफ करा आणि उरलेली जाडी मोजा. मगच झिंकचा प्रायमर. गर्डरची टोकं भिंतीत घुसतात तिथे हमखास पोखरलेली असतात, ती उघडून पाहिल्याशिवाय इंजिनिअरला आकडे काढता येणार नाहीत.

दांडियाबाजारकर: सळया दोन आहेत, एक कापलेली. बिडाच्या एका खांबाला तळाशी उभी चीर आहे, तिला वेल्डिंग चालेल?

गर्डर-कमान: सळई आधी, बाकी सगळं नंतर. तोवर त्या गाळ्यावर वजन ठेवू नका. बिडाला साधं वेल्डिंग नको, उष्णतेने चीर लांबते. अशा पोकळ खांबातून बऱ्याचदा गच्चीचं पाणी खाली सोडलेलं असतं. खांब चोंदला असेल तर आत पाणी साचून गंज धरतो. वरची जाळी काढून पाणी ओतून पाहा, आणि पाणी तळातून निघालं नाही तर टेकू लावूनच खांब साफ करा.

चुना-सुरखी: चुन्याचा हात नोव्हेंबर ते जानेवारीत. बडोद्याच्या मे महिन्यात तो एका दुपारीत सुकून तडकतो. गोणपाट ओलं करून आठवडाभर झाका.