मुलीचं पीयूसी (अकरावी-बारावी) जूनमध्ये सुरू होतंय, गोळ्या दसऱ्यापर्यंत आहेत. रोज बसने बेळगावला पाठवू का?

खानापूरची_आई

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली. माझ्या मुलीला आठवीच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर ब्लड कॅन्सर निघाला, एएलएल. सुरुवातीचे आठ महिने परळला टाटामध्ये काढले, मेंटेनन्स (शेवटचा, घरी गोळ्या घ्यायचा लांब टप्पा) चालू झाल्यावर रक्त तपासणी इकडे बेळगावात आणि तीन महिन्यांनी एकदा चालुक्य एक्स्प्रेसने दादर. नववी जवळजवळ सगळी शाळेशिवायच गेली, दहावीला अर्धे दिवस शाळा, तरी पोरीनं एसएसएलसीला ७८ टक्के काढले. आता तिला सायन्सच घ्यायचंय आणि कॉलेज बेळगावातलंच पाहिजे.

माझी अडचण बसची आहे. २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली, चांगलंच झालं, मी पण त्यावरच जाते, पण सकाळच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते आणि जूनपासून पाऊस, खिडक्या बंद, सगळे शिंकत खोकत असतात. तिचे काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) कधी बरे असतात कधी एकदम खाली. सासूबाई म्हणतात एक वर्ष घरी बसव, जीव वाचलाय तेवढं पुरे नाही का.

एका कॉलेजात चौकशीला गेलो होतो, तिथल्या ऑफिसातल्या माणसाने फाइल धड उघडली पण नाही आणि म्हणाला असं आजारपण असेल तर पुढच्या वर्षी या, हजेरी भरली नाही तर आम्ही काय करणार. ती शेजारीच उभी होती. परत येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली, घर येईपर्यंत एक शब्द नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "मम्मी मी जातोच कॉलेजला. आणि तिथं कुणाला काय सांगायचं नाही. मला कोण ओळखत नाही तेच बरंय." केस आता खांद्यापर्यंत आलेत, आधी सरळ होते आता कुरळे आलेत, लोकांना वाटतं पार्लरमध्ये करून घेतलेत.

कुणाच्या मुलांनी गोळ्या चालू असताना कॉलेज केलंय का? काय सांभाळलं? कॉलेजला सांगितलं का? प्लीज सांगा, ॲडमिशनला आठच दिवस आहेत.

निपाणीकर_बाबा

ताई, आमच्या मुलाचं पण एएलएल, पीयूसी वनला असताना मेंटेनन्सचे शेवटचे सात महिने चालू होते. आम्ही पाठवलं. आज डिग्रीला आहे.

बसचं म्हणाल तर आम्ही गर्दीची गाडी सोडून त्याच्या आधीची पकडायचो, पाऊण तास लवकर पोचायचा आणि लायब्ररीत बसायचा. मास्क लावायचा बसमध्ये. काउंटचा रिपोर्ट आला की एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, बघायचं, ५०० च्या खाली असेल तर डॉक्टरांनी घरी थांबायला सांगितलं होतं आणि तेवढे दिवस गोळ्या पण त्यांच्या सांगण्याप्रमाणे बंद किंवा कमी. पूर्ण वर्षात असं दोनदाच झालं.

तापाचं मात्र अजिबात हयगय करायची नाही. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ झालं की रात्र असो की रविवार, सरळ हॉस्पिटल. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू असं करू नका, ताप दबतो आणि आत काय चाललंय ते कळत नाही. आम्ही त्याच्या कंपासबॉक्समध्ये डिजिटल थर्मामीटर ठेवला होता. अंगात कणकण वाटली की बाथरूममध्ये जाऊन बघायचा आणि आकडा मला पाठवायचा, बाकी काही लिहायचा नाही, फक्त आकडा. एकदा १०१.२ आला, मी दुकान तसंच टाकून निघालो. चार दिवस ॲडमिट होता, सुटला.

अजून एक, त्याची मेथोट्रेक्सेट (आठवड्यातून एकदाच घ्यायचं कॅन्सरचं औषध) गुरुवारी असायची, शुक्रवारी दिवसभर मळमळ. डॉक्टरांना विचारून हळूहळू दिवस सरकवत शनिवार रात्र केली, मळमळ रविवारवर गेली आणि कॉलेज बुडायचं थांबलं. मनाने बदलू नका, विचारूनच.

चिकोडीची_मावशी

माझं जरा वेगळं मत. माझ्या भाचीचे काउंट सारखे पडायचे, दोनदा न्यूमोनिया झाला, आम्ही एक वर्ष थांबवलं आणि ते बरोबरच ठरलं. पण थांबवायचा निर्णय तिच्या डॉक्टरांनी घेतला होता, कॉलेजच्या ऑफिसने नाही. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ही रोज जाऊ शकते का. ते हो म्हणाले तर सासूबाईंना पण तेच सांगा.

पीयू_लेक्चरर_बेळगाव

ताई, मी इथल्याच एका पीयू कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. तुम्हाला जे उत्तर मिळालं ते वाचून वाईट वाटलं. ऑफिसात विचारू नका, प्रिन्सिपलना अपॉइंटमेंट घेऊन भेटा, मुलीला बरोबर नेलं तरी आधी तुम्ही एकट्या आत जा.

हजेरी ७५ टक्के लागते हे खरं. पण आमच्याकडे दरवर्षी जे घोटाळे होतात ते सर्टिफिकेट नसल्याने नाही, उशिरा दिल्याने होतात. फेब्रुवारीत हजेरी कमी आली की पालक कागद घेऊन पळत येतात. तुम्ही जूनमध्येच डॉक्टरांकडून एक पत्र आणा, त्यात उपचार कधीपर्यंत आहेत, महिन्यातून साधारण किती दिवस तपासणीला जावं लागतं आणि अचानक ॲडमिट व्हावं लागू शकतं असं स्पष्ट लिहून घ्या. दोन प्रती द्या, एकीवर पोचचा शिक्का घ्या. नंतर प्रत्येक वेळचा डिस्चार्ज कागद त्याच फाइलला जोडत जा.

सायन्सला थिअरी बुडाली तर नोट्स मिळतात, प्रॅक्टिकल बुडालं की ते भरून काढणं अवघड. पीयूसी टूला एकेका प्रॅक्टिकलला ३० मार्क असतात, हाताला सवय वनपासूनच लागायला हवी. तिचा तपासणीचा वार ठरलेला असेल तर त्या वारी प्रॅक्टिकल नसलेली बॅच मागून घ्या, आम्ही देतो हो, पण कुणी मागतच नाही.

आणि एक माणूस तरी कॉलेजात माहीत असलेला पाहिजे. सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. क्लास टीचरला सांगा आणि हे वर्गात बोलायचं नाही असंही सांगा. मागे माझ्या वर्गातली एक मुलगी सारखी जिन्यावर थांबायची, मी तिला दोनदा रागावलो. नंतर कळलं की औषधांनी पायातली ताकद गेलेली. ते अजून मनात आहे माझ्या.

सिस्टर_कॅम्प

मी हॉस्पिटलच्या डे केअरमध्ये नर्स आहे. थोडक्यात लिहिते.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. मुलगी आता स्वतः गोळ्या घेणार असेल तर ही रोजच्या डब्यात मिसळू नका, वेगळी ठेवा आणि पाकिटावर मार्करने वार लिहा. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं.

पाळीत पोटात दुखतंय म्हणून मैत्रिणीने दिलेली पेनकिलर घ्यायची नाही, त्यातल्या बऱ्याच गोळ्या मेथोट्रेक्सेटबरोबर चालत नाहीत. तिला कोणती चालते ते डॉक्टरांकडून लिहून आणा आणि तीच दप्तरात ठेवा. हे पोरी लाजून विचारत नाहीत.

वर्गात कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी फोन करा, पुरळ यायची वाट बघू नका. म्हणूनच क्लास टीचरला माहीत पाहिजे, ते तुम्हाला कळवतील. पाणी घरचं उकळलेलं. कापलेली फळं, पाणीपुरी दसऱ्यानंतर पण थोडे महिने नको.

शहापूर_०७

काकू मी स्वतः पेशंट होतो, म्हणजे मुलगीच आहे, आमच्याकडे असंच बोलतात तुम्हाला माहीतच आहे. पीयूसीत असताना माझ्या गोळ्या संपल्या. वरच्या सगळ्यांनी बरोबर लिहिलंय पण तिच्या बाजूने पण कोणतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहालोय.

दोन वर्षं सगळे तिच्याबद्दल बोलत असतात आणि ती बाजूला बसलेली असते. काउंट किती, खाल्लं का, संडास झाली का. तिला अशी एक जागा पाहिजे जिथं ती फक्त रोल नंबर आहे. म्हणून ती सांगू नको म्हणालीय, तुमच्यापासून लपवायचं म्हणून नाही. सरांना सांगायचंच आहे तर तिला विचारून सांगा, कोणत्या सरांना सांगायचं ते पण तिलाच ठरवू दे. मी आधी कुणालाच नाही सांगितलं, मग एका मैत्रिणीला सांगितलं कारण एक दिवस लॅबमध्ये बर्नरजवळ चक्कर आली. तिनं काय केलं माहितीये, दुसऱ्या दिवसापासून स्टूल आणून ठेवायची गपचूप. बोलली काही नाही.

रात्रीची मर्काप्टोप्युरिन (मेंटेनन्सची रोजची गोळी) तिची तिला घेऊ द्या. माझी रोज दीड गोळी होती, अर्धी मम्मी ग्लोव्ह्ज घालून कापून ठेवायची आणि मी खाल्ली की कॅलेंडरवर टिक. आधी मम्मी तीनदा विचारायची, मग मी म्हटलं टिक बघ आणि विचारू नकोस. त्या कॅलेंडरनं आमची भांडणं थांबली.

अजून एक जे मला कुणी सांगितलं नव्हतं. मांडीच्या सांध्यात किंवा गुडघ्यात दुखत राहिलं तर "जिने चढून असेल" असं म्हणून सोडू नका. स्टेरॉइडनी आमच्या वयात हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. मी चार महिने लपवलं.

आणि गोळ्या संपतात तो दिवस आनंदाचा असतो असं सगळ्यांना वाटतं. मी त्या रात्री झोपलो नाही. गोळी होती तोपर्यंत काहीतरी राखण होती असं वाटायचं. दसऱ्याच्या वेळी तिला नुसते पेढे वाटायला लावू नका, जरा जवळ बसा.

निपाणीकर_बाबा

शहापूरच्या ताईने लिहिलं ते अगदी खरं. आमचा मुलगा पहिले सहा महिने मानेला हात लावून गाठी बघायचा. तपासणी दर महिन्याला होती, मग हळूहळू लांबली. उपचार संपून दोन वर्षं झाल्यावर आता टाटाच्या एसीटी क्लिनिकला जातो, उपचार संपलेल्या मुलांसाठीच आहे ते, १९९१ पासून चालू आहे. तिथं बसलेली मोठी मोठी माणसं बघून त्याची भीती बरीच गेली, कुणी नोकरीवाला, कुणी कडेवर मूल घेऊन आलेली.

खानापूरची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले काउंट ठीक आहेत, पाठवा, फक्त गर्दीत मास्क. मेथोट्रेक्सेट शनिवारी करायचं पण विचारलं, पुढच्या तपासणीला सांगतो म्हणाले.

शहापूरच्या बाळाचं सगळं तिला वाचायला दिलं. दोनदा वाचलं. मग स्वतःच म्हणाली लेडी टीचर असतील तर त्यांना सांग, सरांना नको. सोमवारी दुसऱ्या कॉलेजात प्रिन्सिपलना भेटायला जातोय, पत्राच्या दोन प्रती काढल्यात. पहाटेची बस सव्वासहाला आहे, तिचे पप्पा स्टँडपर्यंत सोडतो म्हणालेत.

एक विचारायचं राहिलं, कंपासबॉक्समध्ये मावेल असा छोटा थर्मामीटर कुठला घेतला होता? आमच्याकडचा लांब आहे, झाकण लागत नाही.