प्लास्टिगेज ठीक, पण एंड प्ले पण बघा

प्लास्टिगेजची पट्टी (बेअरिंगमध्ये दाबून फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा धागा) दीड थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दाखवतेय म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) बसवायला मोकळा, असं इथे एकाने म्हटलंय, ते अर्धंच पटतं. दोन इंची जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) तेवढा ऑइल क्लिअरन्स, म्हणजे तेलासाठीची फट, छानच आहे, पण पट्टी फक्त जिथे ठेवली तिथलंच सांगते, जर्नल ओव्हल झालाय का ते नाही कळत, त्यासाठी मायक्रोमीटरने ९० अंशात दोनदा आणि दोन्ही कडांना मोजायलाच हवं.

आणि एंड प्लेबद्दल, म्हणजे क्रँकच्या मागेपुढे होणाऱ्या हालचालीबद्दल, कोणीच बोललं नाही! जुन्या अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन असेल तर क्रँक धरणारी तीनच मेन बेअरिंग, आणि थ्रस्ट वॉशर (ही हालचाल रोखणाऱ्या चकत्या) फक्त मधल्या बेअरिंगला. तिथे मागेपुढे हालचाल हवी दोन ते तीन थाऊ, बस्स. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि सगळा भार मधल्या बेअरिंगच्या मागच्या वॉशरवर येतो, त्यामुळे सहसा तोच आधी झिजतो. वॉशर बसवताना तेलाच्या खाचा बाहेर, म्हणजे क्रँकच्या बाजूला, उलटं बसवलं की तेल पोचत नाही आणि नवा वॉशर पण लवकर जातो. मधल्या बेअरिंगची कॅप पूर्ण आवळायच्या आधी क्रँक एकदा पुढे एकदा मागे ढकला म्हणजे वरचे-खालचे वॉशर एका रेषेत येतात, मग ठरलेल्या टॉर्कने आवळून डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं माप) लावा. इंजिन अजून गाडीतच असेल तर ते बंद ठेवून कोणालातरी क्लच दाबायला सांगा आणि पुढच्या पुलीकडे बघत रहा, डोळ्यांना सहज दिसेल इतकी पुढे सरकली तर वॉशर गेलेत.