कॅमेऱ्याची बॅग घेऊ नका, सॅक घ्या! (पटत नसेल तर भांडायला या)

रानकवला
तीन वर्षांत दोन कॅमेरा बॅगा झाल्या. दोन्ही आता माळ्यावर आहेत. त्यातून जे मत बनलंय ते इथं टाकते.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघं वासोट्याला गेलो. बामणोलीहून लाँच, दीडेक तास शिवसागरातून, मग जंगलातली चढण. माझ्या पाठीवर चांगली नावाजलेली कॅमेरा बॅग. आत कॅमेरा, १०० चा मॅक्रो (फुलं जवळून टिपायची लेन्स), ७०-३०० ची लांबचं टिपणारी लेन्स, फिल्टर, सगळं पेढ्याच्या खोक्यासारखं आपापल्या कप्प्यात. पण भाकरी कुठं ठेवू? जर्किन कुठं? तीन लिटर पाणी कुठं? बाजूच्या जाळीत बाटली शिरेना, कारण तिथं ट्रायपॉड. शेवटी डबा आणि पाणी कापडी पिशवीत घालून पिशवी हातात धरली. दगडांच्या चढणीवर एक हात अडकलेला असला की काय होतं, ते चढलेल्यांना सांगायला नको. कंबरपट्टा म्हणाल तर दीड इंचाची नाडी. ती बॅग हलू नये म्हणून असते, वजन पेलायला नाही. रात्री दोन्ही खांद्यांवर लाल वळ.

घरी येऊन रिकामी बॅग काट्यावर ठेवली. २ किलो १०० ग्रॅम! म्हणजे माझ्या मॅक्रो लेन्सच्या तिप्पट वजनाचा नुसता फोम मी गडावर नेऊन परत आणला.

म्हणून आता ४० लिटरची साधी ट्रेकची सॅक घेतेय. आत कॅमेऱ्यासाठी फोमचा सुटा डबा. सॅकचा रुंद पट्टा कमरेच्या हाडांवर बसतो, बरंचसं वजन तिथून पायांवर जातं, खांदे मोकळे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठीचं माप. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी एक हाड वर येतं. तिथून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेप लावायची. माझी पाठ १६ इंच भरते, नवऱ्याची १९. बहुतेक कॅमेरा बॅगा दोघांना एकाच मापाच्या! आधी पाठ बघा, मग कॅमेरा.

रोहितपक्षी
ताई, साफ असहमत.

वरून उघडणारी सॅक म्हणजे विहीर. मी मायणीच्या तलावावर पक्षी टिपायला जातो. समोर तारेवर कापशी घार बसलीय. आता तुम्ही झाकणाचं बक्कल काढा, नाडी सैल करा, जर्किन बाहेर काढा, डबा वर ओढा, त्याची चेन उघडा. तोवर कापशी विट्याला पोचलेली असते. माझी लेन्स १५०-६००, नुसती लेन्स दोन किलोच्या आसपास. ती असल्या डब्यात मावतच नाही, मावली तर उभी, आणि काढताना दोन्ही हात लागतात.

आणि सगळ्या कॅमेरा बॅगा एका माळेत ओवू नका. पाठीच्या बाजूनं उघडणारी बघा. कंबरपट्टा न सोडता खांद्याचे पट्टे काढायचे, बॅग पोटावर फिरवायची, समोर टेबलासारखी उघडते. यष्टीत, गर्दीत मागून कुणी चेन उघडेल ही भीती नाही, कारण चेन तुमच्या पाठीला चिकटलेली. शिवाय खाली ठेवली तर पुढची बाजू चिखलात जाते, पट्टे कोरडे राहतात. पुढून उघडणारी बॅग उताणी ठेवायची म्हणजे पट्टे चिखलात, मग तो चिखल शर्टावर.

रानकवला
दादा, एकच विचारते. मायणीला तुमच्या गाडीपासून पाणी किती पावलं?

रोहितपक्षी
दोनशे. 😄 मान्य. पण आपल्यातले किती जण दर रविवारी वासोटा चढतात हेही सांगा. वर्षातून एकदा चढायचं आणि उरलेले एकावन्न रविवार विहिरीत हात घालायचा?

कऱ्हाडचा_फ्लॅशवाला
दोघंही हौशी लोक, म्हणून पाठ आणि पक्षी यावर भांडताय. पाण्याचं कुणी बोलतच नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला पावसाळ्यात फोटो काढायचेत ना? मग बॅग कुठली हा दुसरा प्रश्न.

दोन वर्षांपूर्वी ठोसेघरचं एक प्री-वेडिंग उरकून चाळकेवाडीला पवनचक्क्यांपाशी थांबलो. बॅगेसोबत फुकट आलेलं रेनकव्हर लावलेलं. वारा असा, की ते आधी फुग्यासारखं फुगलं, मग सुटलं आणि दरीत. कव्हर टिकलं असतं तरी काय दिवे लावले असते? ते पुढून झाकतं. पाणी येतं ते मानेवरून पाठ आणि बॅग यांच्या फटीतून, आणि खाली कव्हरातच तळं साचतं. तळाला पाणी जायला भोक आहे का, ते घेताना बघा. आणखी एक, कव्हरच्या आतला तो चकचकीत थर काही वर्षांनी चिकट होऊन सुटतो. घडी उघडा, गुळाच्या ढेपेला हात लावल्यासारखं वाटतं. मग ते कव्हर टाकायचं, पुसत बसायचं नाही.

माझा उपाय स्वस्त. बॅग कुठलीही असो, आत ड्राय बॅग, म्हणजे पाणी न शिरणारी पिशवी. तोंड तीनदा गुंडाळून बक्कल. कॅमेरा त्यात. बाहेरची बॅग भिजली तर भिजू दे, कापडच आहे.

जुना_रोलवाला
आमच्या काळी हा प्रश्नच नव्हता. एक कॅमेरा, ५० ची एक लेन्स, खिशात दोन रोल. बॅग म्हणाल तर खांद्याला शबनम. बायकोनं जुन्या गोधडीचा तुकडा आतून शिवून दिला होता. त्या पिशवीनं सज्जनगड पाहिला, प्रतापगड पाहिला, पाटणची धारेश्वरची लेणी पाहिली. लेन्सला ओरखडा नाही. आजही तीच वापरतो, कॅमेरा तेवढा डिजिटल झालाय.

तुम्ही लोक आधी दहा किलो सामान घेता, मग ते उचलायला बॅग शोधता, मग बॅगेचं वजन जड म्हणून रडता. बॅग लहान घ्या, सामान आपोआप कमी होतं.

कऱ्हाडचा_फ्लॅशवाला
काका, आदर आहे, पण गोधडीत कापूस असतो आणि कापूस पाणी पितो. जुलैत काय करता?

जुना_रोलवाला
छत्री घेतो.

सडा_वाचवा
सगळा धागा वाचला. पाठ, पक्षी, पाऊस सगळं आलं, पण बॅग ज्यावर ठेवता त्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही.

कासला सप्टेंबरात माझा बराच वेळ एकाच कामात जातो, लोकांना "बॅग उचला" म्हणण्यात. सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठारावर, माती किती असते? जांभ्यावर काही ठिकाणी बोटभरही नसते. त्या ओल्या पातळ थरात सीतेची आसवं नावाची फुलं उगवतात, दवबिंदू नावाचं रोप उगवतं. दवबिंदू तर एवढासा, लाल, पैशाएवढा, बसून बघितल्याशिवाय दिसतच नाही. मॅक्रोवाला तेवढ्यासाठीच येतो. येतो, पाठीवरची २५ लिटरची बॅग धप्पकन टाकतो, तिची चेन उघडतो आणि पुढच्या फुलाचा फोटो काढतो. बॅगेखाली किती गेली ते त्याला कळतही नाही. मागच्या वर्षी एकानं बॅग उचलली तर खाली तेरड्याची चादर चौकोनी दबलेली, बॅगेच्या मापाची. इस्त्री केल्यासारखी.

२०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात कास आहे. गर्दी येणारच. त्यामुळे माझा निकष एकच. जी बॅग जमिनीला न टेकता उघडता येत नाही ती कासला आणू नका, मग ती सॅक असो की कॅमेरा बॅग.

रानकवला
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही टाकलीय बॅग. वाटेच्या कडेला गवत आहे असं समजून.

सडा_वाचवा
ते 'गवत' म्हणजे बहुतेक अजून न फुललेला कवला. तुमचं टोपणनावच! 🙂

रोहितपक्षी
म्हणजे माझीच बाजू खरी ठरली. पोटावर फिरणारी बॅग!

रानकवला
अर्धी. तुमची ती बॅग कमरेवर फिरवायची तर कंबरपट्टा घट्ट हवा, आणि माझ्या कमरेला तो बसत नाही. दुकानात ओढून ओढून शेवटच्या टोकाला आणला तरी खाली घसरला. बॅगा बनवणाऱ्यांना बायका फोटो काढतात हे अजून पुरतं कळलेलं दिसत नाही.

पण सॅकबद्दलचं माझं म्हणणं थोडं बदलते. वासोट्याला सॅकच. कासला मात्र कॅमेरा गळ्यात, मॅक्रो लावलेला, दुसरी लेन्स कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये, पाण्याची एक बाटली. पाठीवर काहीच नाही. काका जिंकले म्हणायचं का?

जुना_रोलवाला
मी वाद घालतच नव्हतो.

दुष्काळी_माण
पश्चिमेकडचे लोक पावसावर बोलतात, आमच्याकडं धूळ. दहिवडीच्या रस्त्यानं दुचाकीवर गेलं की चेनच्या दातांत फुफाटा बसतो आणि चेन ऐन वेळेला अडते. जुन्या दात घासायच्या ब्रशनं झाडायची आणि मेणबत्ती घासायची. तेल घालू नका, धूळ आणखी धरते. काळी बॅगही नको, एप्रिलात आतला कॅमेरा भाजून निघतो. बाकी चालू द्या.

कऱ्हाडचा_फ्लॅशवाला
धुळीवरून आठवलं, बुरशीचंही लिहितो. ट्रिपहून आल्यावर ओली बॅग चेन लावून कपाटात ठेवणारे इथं किती आहेत? हात वर करा. फोम म्हणजे स्पंज. चार दिवस ओल धरून ठेवतो, आणि आतल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. माझी एक ८५ ची लेन्स अशीच गेली, साफ करून आणली तरी पहिल्यासारखी झाली नाही. घरी आलं की सगळं बाहेर. कॅमेरा, लेन्स झाकणाच्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. बॅग उघडी, पंख्याखाली.

आणि कुणी लडाख वगैरे विमानानं जाणार असेल तर घ्यायच्या आधी हातातल्या सामानाचं वजन बघा. आपल्याकडं बहुतेक विमानांत साधारण ७ किलो. दोन किलोची रिकामी बॅग घेतली की उरले पाच. सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकून द्यायच्या नसतात, हातातच लागतात. त्या वेळी ताईंचं सॅकचं गणित मला पटतं. डबा काढून हातात, सॅक आत.

रोहितपक्षी
ताई, अजून सॅक घेतली नसेल तर एक करा. माझी बॅग घेऊन जा, सॅक दुकानातून नाहीतर मैत्रिणीकडून आणा. दोन्हींत लिटरच्या पाच-पाच बाटल्या भरा. कॅमेरा नको, पाणीच. एक दिवस ही, एक दिवस ती घेऊन अजिंक्यतारा चढा. दुकानात आरशासमोर रिकामी अडकवून काही कळत नाही. वर गेल्यावर बॅग न टेकवता एक बाटली काढून दाखवा. जी जिंकेल तिचे पैसे खर्च करा.

रानकवला
मंजूर. रविवारी सकाळी सहाला, पोवई नाक्यावर. तुमच्या बॅगेचा पट्टा माझ्या कमरेला बसला नाही तर चहा तुमच्याकडून.

सडा_वाचवा
मी पण येतो. बाटली काढताना बॅग कोण टेकवतंय ते बघायला.

जुना_रोलवाला
सहा म्हणजे सहा ना? मी शबनम घेऊन येतो. पाच बाटल्या मावणार नाहीत, एक मावेल. तहान लागली तर तुमच्या आहेतच.