मदत हवी आहे : कथेतल्या नोबेल विजेतीच्या शोधाबद्दल

दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. नायिकेला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळतं. माणसं काल्पनिक असली, तरी विज्ञान चोख हवंय.

तिचा शोध : न्यूट्रिनो (जवळजवळ वस्तुमान नसलेला, विद्युतभाररहित मूलकण) स्वतःच स्वतःचा प्रतिकण, म्हणजे उलट गुणांचा जोडीदार, असतो. प्रयोग इटलीतल्या ग्रान सास्सोच्या भूमिगत प्रयोगशाळेत, सुमारे १४०० मीटर खडकाखाली, जर्मेनियम-७६ या समस्थानिकावर. दुहेरी बीटा ऱ्हासात अणुकेंद्रातून एकदम दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल, तरच तो न्यूट्रिनो बाहेर न पडता होऊ शकतो; आणि तसा झाला, तर ऊर्जेच्या आलेखात २०३९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचं एकक) बारीक उंचवटा दिसायला हवा. तसा तो अजून कुणालाच खात्रीने दिसलेला नाही. या ऱ्हासाचं अर्धायुष्य १ वर २६ शून्यं इतक्या वर्षांहून जास्त आहे, असं तिथल्याच गेर्डा प्रयोगाचा २०२० चा निकाल सांगतो.

पुरस्काराचे नियम वाचून झालेत. जास्तीत जास्त तिघं, मरणोत्तर नाही. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाचे एक संस्थापक रोनाल्ड ड्रेव्हर मार्च २०१७ मध्ये गेले आणि ऑक्टोबरात त्याच कामाला पुरस्कार जाहीर झाला, हे फार चटका लावणारं आहे. कथेतल्या मार्गदर्शकांचा धागा त्यावरूनच सुचला. त्यामुळे नियमांबद्दल नको, प्रयोगाबद्दल सांगा.

अडलंय ते एका प्रसंगावर. आलेखातली २०३९ च्या आजूबाजूची पट्टी विश्लेषण पक्कं होईपर्यंत मुद्दाम झाकून ठेवतात. ती उघडते ती संध्याकाळ मला लिहायचीय. कथेत सूत्रं घालता येणार नाहीत आणि जर्मेनियम बदलायचं नाही. कण-भौतिकीत प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगावं : पार्श्वभूमी (म्हणजे इतर कारणांनी येणाऱ्या नकोशा नोंदी) जवळजवळ शून्य असताना त्या पट्टीत किती नोंदी दिसल्या, तर चमूचा विश्वास बसेल? आणि बाहेर कळवण्याआधी ते सगळ्यांत पहिल्यांदा काय तपासतील?