ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीशिवाय कसा सांभाळता?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. घरातलं वापरून फेकायचं प्लास्टिक कमी करायचं आम्ही मनावर घेतलंय. भाजीला कापडी पिशव्या नेतो, डाळ-तांदूळ वाण्याकडून डब्यात सुटे आणतो. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देतो. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका बरं का, तो चिमूटभर तुकडा कोणी गोळा करत नाही.

अडलंय ते ओल्या कचऱ्यापाशी. डब्याला रोज काळी पिशवी लागते. वर्तमानपत्र घालून पाहिलं, पण चहाचा चोथा आणि कलिंगडाच्या सालींनी ते भिजून फाटतं. नुसताच डबा ठेवला तर कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना तळाचा चिकट गाळ हाताने खरवडावा लागतो. ते मला अजिबात पटत नाही.

बाजारात कंपोस्टेबल पिशव्या मिळतात. त्यांवर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक पाहून घ्यावं, एवढं माहीत आहे. पण ते मानक मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेचा विचार करून केलेलं आहे. घरच्या खताच्या कुंडीत या पिशव्या खरंच कुजतात का? किती महिने लागतात?

आमची गॅलरी लहान आहे, ऊन जेमतेम सकाळचं. अशा जागेत घरीच खत करणाऱ्यांनी कृपया सांगा: पावसाळ्यात चिलटं आणि वास कसा आवरता? कोकोपीट बरं की वाळका पाला? आणि उरलेलं तेलकट, शिजलेलं अन्न त्यात चालतं का?